बसला की अडला

माझ्या भावोजींना लाँड्रीत सगळे 'पकड' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एक तर पकड त्यांच्या मागच्या खिशात कायम खोचलेली असायची. दुसरं म्हणजे एकदा एखादा विषय धरला की हा माणूस काही केल्या सोडायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दाराची कडी किरकिरते यावरून त्यांनी माझ्या वडिलांचं असं डोकं खाल्लं, की शेवटी वडीलच म्हणाले, "जावईबापू, कडी काढून घेऊन जा, पण आता पुरे." आणि ते खरोखरच घेऊन गेले. दुरुस्त करून परत बसवली, ती आजही एका बोटाने सरकते.

हे मी हसत सांगतेय खरी, पण या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ताईवरचाही नाही. दोघांवर मिळून तो आहे, आणि कुणाच्या वाट्याला किती हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. सांगता सांगता जमलं तर बघू.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगांनी यायच्या. लांबलचक शेड, कायम ओली जमीन, छताखालून गेलेले वाफेचे पाइप, आणि आवाज एवढा की आम्ही बायका घरीसुद्धा ओरडूनच बोलायचो. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मधे चादरी पिळायचा ड्रम, आणि दुसऱ्या टोकाला तापलेला रूळ. इकडून ओलसर चादर घातली की तिकडून कोरडी आणि सपाट निघते. रुळावर मी. ड्रमावर माझी ताई. आणि ही सगळी यंत्रं भावोजींच्या ताब्यात, कारण ते तिथले फिटर.

तो ड्रम कमरेएवढा उंच, वरून उघडणारा. ओल्या चादरी आत टाकायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मग तो असा गरगरतो की पायाखालची जमीन थरथरते. बटण बंद केल्यावरही तो लगेच थांबत नाही, बराच वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो. म्हणून झाकणाला एक खिट्टी होती. ड्रम पुरता थांबल्याशिवाय ती सुटायचीच नाही. त्यामुळे ड्रमावरच्या बाईला आत डोकावून बघायची गरज नसे. झाकण उघडलं म्हणजे ड्रम थांबला, एवढंच तिला माहीत. ही खिट्टी एका लोखंडी पट्टीवर होती आणि ती पट्टी चार बोल्टांनी यंत्राच्या अंगाला आवळलेली होती. त्या ड्रमात दिवसभर माझ्या ताईचे हात आत-बाहेर व्हायचे. ते हात शाबूत राहणं त्या पट्टीवर अवलंबून, आणि ती पट्टी भावोजींच्या हातावर. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं कळेल.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसायचो. डबे उघडायच्या आधी भावोजी खिशातून एखादा नट काढायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. मेहुणी म्हणून माझी सुटका नव्हती, उलट मेहुणी म्हणूनच जास्त.

"सांग बघू, साधा नट कशावर टिकतो?"

"आट्यांवर."

"चूक. ताणावर टिकतो. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो. त्याला परत आखडायचं असतं आणि नट त्याला आखडू देत नाही. या ओढाताणीत मधले पत्रे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पण यंत्र थरथरलं की हा ताण जरा जरा उतरतो. तो उतरला की नट मोकळा. मग फिरत फिरत निघाला आपल्या घरी."

"जाऊ दे की बिचाऱ्याला."

"तो गेला की यंत्र येतं आपल्या घरी," असं म्हणून ते दुसरा नट काढायचे. त्याच्या तोंडाशी आतून एक निळं कडं असायचं, नायलॉनचं. त्या कड्याला आटे नसतात. बोल्ट आत घुसताना त्यातून स्वतःची वाट काढतो आणि कडं त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं. बोल्टातला ताण गेला तरी असा नट पळून जात नाही. मी विचारलं होतं, एवढा गुणी आहे तर सगळीकडे हाच का नाही लावत? त्यावर ते खूश झाले. म्हणाले, "काही वेळा काढला-घातला की कडं सैल पडतं. वरून निळा दिसतो, आत जीव नसतो. नुसत्या बोटांनी फिरवून बघायचा. बोटांनी सरसर गेला तर मेला म्हणायचा आणि टाकून द्यायचा."

'नटात जीव आहे का' हे त्यांचं पेटंट वाक्य. आम्ही बायका ते एकमेकींना नवऱ्यांबद्दल विचारायचो.

डबल नट त्यांना आवडायचा नाही. एकावर एक दोन नट चढवून दोघांना एकमेकांवर रेटायचं, रेटण्यात जरा कसूर झाली की दोघंही ढिले, आणि वर जागा दुप्पट. हे ऐकून ताई म्हणाली होती, "म्हणजे आपल्यासारखंच की." भावोजी म्हणाले, "छे. आपण कॉटर पिनवाले. बोल्टाला आरपार भोक, त्यात पिन, आणि पिनेचे पाय वाकवलेले. मोडल्याशिवाय निघत नाही." ताई पदराआड हसली. मला तेव्हा त्या दोघांचा हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आणखी एक सवय होती त्यांची. नट आवळून झाला की ते मोठ्याने म्हणायचे, "बसला." प्रत्येक नटाला. शेडच्या कोणत्याही कोपऱ्यातून तो आवाज आला की आम्हाला कळायचं, काम झालं. कधीमधी मात्र ते म्हणायचे, "अडला." आट्यात कचरा असतो, गंज असतो, नट मधेच जड होतो आणि वाटतं की आवळला गेला. प्रत्यक्षात तो खाली टेकलेलाच नसतो. मग ते तो पुन्हा काढायचे, आटे पुसायचे, पुन्हा लावायचे. "पान्याला दोन्ही सारखेच जड," ते सांगायचे. "बसला की अडला, हे फक्त हाताला कळतं." आणि आपला हात असा पुढे धरायचे, जणू काही तो दुसऱ्याच कुणा मोठ्या माणसाचा आहे आणि आपण फक्त त्याचे सोबती.

आता त्या हाताचं सांगते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुमच्यापासून लपवून काय करायचंय.

लाँड्रीत यायच्या आधी भावोजी ओतकामाच्या कारखान्यात होते. वर्षानुवर्षं हातात ग्राइंडर धरून ओतीव लोखंडाच्या कडा घासायचं काम. ते यंत्र हातात अखंड थरथरतं. त्या थरथरीने बोटांतल्या नसा हळूहळू मरतात. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची, मग मुंग्या, मग काहीच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. मनगटात जोर तसाच, खांदा तसाच, हातोडा उचलतील, पाना ओढतील. फक्त बोटांच्या टोकांना काही कळत नव्हतं. चहाचा कप भाजत होता तरी ते धरून बसायचे आणि ताई हळूच काढून घ्यायची. शर्टाचं बटण लावता येईना. सकाळी ताई लावायची, दाराआड, घाईघाईत.

एकदा मी अचानक गेले तेव्हा मला ते दिसलं. मी म्हटलं, "काय गं, लग्नाला महिना झाल्यासारखी बटणं लावतेस! म्हातारपणी हे थेर?" ताई लाल झाली. भावोजी छताकडे बघायला लागले. मी आपली खूप वेळ हसत होते. पुढे लाँड्रीभर मीच ही गंमत सांगितली आणि ती दोघं गप्प बसून ऐकत राहिली.

काम जाईल म्हणून ताईने झाकलं. फिटरचे हात गेले हे कळलं तर त्याला कोण ठेवणार? आणि निव्वळ कामाचीच गोष्ट नव्हती. तो हात म्हणजेच तो माणूस होता. तो काढून घेतला तर मागे काय उरेल याची तिला भीती वाटली असणार. हे सगळं मला समजतं. समजतं म्हणून राग जातो असं कुठे आहे?

त्या सुमाराला लाँड्रीत नवी इंजिनीअर आली. तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. आल्या आल्या तिने प्रत्येक यंत्राखाली वाकून बघितलं. खिट्टीच्या पट्टीपाशी येऊन थांबली आणि भावोजींना हाक मारली.

"काका, हे बघा."

पट्टीच्या नटांमधली निळी कडी पिवळी पडली होती, एकाला तडा गेला होता. बाजूनेच वाफेचा पाइप जात होता. नायलॉनला एवढी धग दिवसरात्र सोसत नाही, तो कडक होतो आणि पकड सोडतो. भावोजींनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने अख्खे लोखंडी नट आणले, कडं नसलेले. त्यांची तोंडं मुद्दाम किंचित चेपलेली असतात, गोल भोक जरासं लांबट केलेलं. बोल्ट त्यातून जाताना ते तोंडच त्याला चावून धरतं. धगीचं भय नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवायला जड, आणि कोरडे लावले तर आटे ओरबाडतात.

"जरा ग्रीस लावा," ती म्हणाली, "आणि हा पाना वापरा." तो ठरवलेल्या जोराला 'टक्' असा आवाज करणारा पाना होता. "आधी नट नुसता फिरवायलाच किती जोर लागतोय ते बघायचं. आवळायचा जोर त्याच्यावर मिळवायचा. नाहीतर सगळा जोर त्या चेपलेल्या तोंडातच खर्च होतो आणि पट्टी दाबलीच जात नाही."

"मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून नट आवळतोय मी."

"म्हणूनच तर सांगतेय काका. हे नट तुमच्या ओळखीचे नाहीत. हे सुटणार नाहीत, पण न सुटणं वेगळं आणि आवळलेलं असणं वेगळं."

तिने काही त्यांचा अपमान केला नव्हता. बसला की अडला, हेच तर तीही सांगत होती, तिच्या भाषेत. पण भावोजींच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती. पाना त्यांनी घेतला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

मला वाटलं होतं, हा ताठा. तो होताच, नाही म्हणत नाही. पण त्या पान्याच्या मुठीवर एक बारीक चकती असते, ती बोटांच्या टोकांनी फिरवून जोर ठरवायचा असतो. ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही त्याच्याने ती चकती काय फिरणार? हे इंजिनीअरला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. ताईला ठाऊक होतं, आणि ती तिथेच चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती.

भावोजी यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरले. तिथे वाकून बघितलं तर नटांची तोंडं दिसतात, पट्टीमागे नजर पोचत नाही, हात तेवढा पोचतो. पट्टी यंत्राच्या अंगाला टेकली की केसभर फट राहिली, हे बघून कळण्यासारखं नव्हतं. आम्ही बाहेरून नुसते त्यांचे पाय बघत होतो. जोर लावतानाचं कण्हणं ऐकू आलं. मग आवाज आला, "बसला." थोड्या वेळाने पुन्हा, "बसला." चारही वेळा. ताईने झाकण लावून बघितलं, खिट्टी खटकन पडली. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "यांनी बसवलंय म्हटल्यावर बघायला नको."

ड्रम चालू झाला. चालत राहिला. काही झालं नाही, आणि वाईट हेच झालं. काही झालं असतं तर कुणीतरी बघितलं असतं.

मग एक दिवस ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "झाकण हाताला वेगळं लागतंय गं. आत काहीतरी टिकटिकतंय."

"भावोजींना सांग."

तिने सांगितलं. ड्रम फिरत असताना भावोजींनी येऊन झाकणावर तळवा ठेवला. डोळे मिटून उभे राहिले, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे. आम्ही सगळ्या बघत होतो. शेवटी म्हणाले, "काही नाही."

"अहो, माझ्या हाताला लागतंय ना," ताई म्हणाली.

"मला नाही लागत."

मग यंत्र थांबवून ते फटीत शिरले, पाना लावून एकेक नट बघितला. बाहेर येऊन म्हणाले, "एकही नट हलत नाही. बसलेत सगळे." ते खरंच होतं. नट हलत नव्हतेच. ते नट हलणारे नव्हतेच मुळी. खाली बोल्टात ताण नव्हता, पट्टी प्रत्येक फेरीला पुढे-मागे होत होती आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसे बोल्ट रोज थोडे थोडे तुटत होते. आणि नट मात्र आपापल्या जागी, इमानदार.

ताई आपल्या जागी परत गेली. माझा राग उसळतो तो इथे. तिचे हात शाबूत होते, सांगत होते. यांच्या हातांना कळत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. रोज सकाळी ती बटणं कुणाची लावत होती? तरीसुद्धा तिने आपल्या हाताचं ऐकलं नाही आणि त्यांच्या हाताचं ऐकलं. जे सगळ्यांपासून झाकायचं होतं ते झाकता झाकता तिने स्वतःपासूनही झाकून टाकलं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मला किंकाळी ऐकू आली नाही. ताई ओरडलीच नाही. मी झाकण आपटल्याचा आवाज ऐकला, आणि ड्रमाचा आवाज बदलला. नंतर जे कळलं ते असं. तिने बटण बंद केलं, सवयीने झाकण ओढलं आणि ते उघडलं. बोल्ट तुटले होते, खिट्टी पट्टीसकट लोंबत होती. आत पांढऱ्या चादरी भिंतीला चिकटलेल्या, गुळगुळीत, एकसारख्या. जोरात फिरणारा पांढरा ड्रम वरून बघितला तर थांबल्यासारखाच दिसतो. झाकण उघडलं म्हणजे ड्रम थांबला. तिने हात घातला.

मी धावले आणि लाल बटणावर मूठ आपटली. ते आधीच बंद होतं. ड्रम आपल्या वेगाने फिरत होता आणि त्याला थांबवायला कुणाकडेही काही नव्हतं. भावोजी धावत आले, दोन्ही हातांनी झाकणाची कड धरून उभे राहिले, आणि तो थांबेपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे. याहून जास्त मी सांगणार नाही.

ताईचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारी मी होते. भिंतीचा रंग उडालेला, खिडकीला जाळी, पलीकडच्या खाटेवरची बाई सारखी खोकत होती. ताईने आपल्या पट्ट्यांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता यांची बटणं कोण लावणार?"

मला वाटलं, औषधाची गुंगी. मग दारात भावोजी दिसले. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, खालची चुकीच्या काजात, शेवटचं लोंबणारं. सकाळपासून झगडून तेवढंच जमलं असणार. मी त्या शर्टाकडे बघत राहिले आणि एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. चहाचा कप. पेटीतला पाना. "मला नाही लागत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताईला म्हटलं, "तुला माहीत होतं?" भावोजी दारातच उभे राहिले, आत यायचं धाडस होईना त्यांना.

त्याच वेळी इंजिनीअर आली. हातात कागदाची पुडी होती. तिने ती खाटेवर उलगडली. आत तुटलेल्या बोल्टांचे तुकडे होते, आणि प्रत्येक तुकड्यावर नट जिथल्या तिथे.

"एकही नट निघालेला नाही," ती म्हणाली. आवाज दुखावलेला होता, आरोपाचा नव्हता. "बोल्ट तुटलेत. आणि पट्टीखालचं लोखंड घासून चकचकीत झालंय. पट्टी घट्ट दाबली गेली असती तर घासलीच नसती. काका, तुम्ही तो टक् करणारा पाना वापरला होतात ना?"

भावोजींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी ताई बोलली.

"वापरला होता. मी तिथेच उभी होते. टक् आवाज मी ऐकला. चूक माझीच, मीच घाई केली, आत बघितलं नाही."

अंगात ताप, एक हात गेलेला, आणि बाई खोटं बोलत होती! तेही असं सहज, जशी रोज दाराआड बटणं लावायची. इंजिनीअरने एक तुकडा उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "मग बोल्टच खराब निघाले असतील. मी दुसरे मागवले आहेत. उद्या काका बसवतील आणि ड्रम सुरू होईल. चादरी साठल्या आहेत."

"ड्रमावर कोण?" ताईने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आजच सांगितलंय मला."

ताईने माझ्या हातांकडे बघितलं. माझे दोन्ही हात तिच्या खाटेच्या लोखंडी कडेवर होते. मला तेव्हा ओरडून सगळं सांगायचं होतं, शब्द ओठांवर आले होते. पण तिचा चेहरा बघितला आणि मी थांबले. ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. सख्ख्या बहिणीचे हात आणि नवऱ्याचा हात, आता ती काय झाकणार होती?

पलीकडची बाई खोकली. आणि मग भावोजी आत आले. खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले आणि इंजिनीअरला म्हणाले, "मॅडम, मी डोळे मिटतो. माझ्या बोटांवर काहीतरी ठेवा. काय आहे ते मी सांगतो."

"म्हणजे काय काका?"

"ठेवा तर खरं."

त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला, तोच, मिरवायचा हात. बोटं जराशी वाकलेली, टोकं पांढुरकी. इंजिनीअरला काही समजेना. तिने पुडीतला एक नट उचलला, पण हात पुढे करायला ती धजेना. ती ताईकडे बघायला लागली.

ताईने आपला डावा हात उचलला. त्याला सलाईनची नळी होती, ती सांभाळत तिने तो भावोजींच्या हातापर्यंत नेला आणि आपल्या बोटांची टोकं त्यांच्या बोटांच्या टोकांवर ठेवली. हलकेच, नुसती टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते वाट बघत उभे राहिले. इंजिनीअरच्या लक्षात आलं तसा तिने हातातला नट परत पुडीत ठेवला.

"ठेवलं का?" भावोजींनी विचारलं.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्पष्ट होता.

"ठेवलंय," ती म्हणाली. "मघाशीच ठेवलंय."